धक्क्यावरचा खांब

बाबा,
मढच्या घरी सगळ्यांना नमस्कार.

लडाखच्या वेधशाळेत मी मजेत आहे. थंडी आहे, पण तुम्ही दिलेला सुका जवळा रोज भाजून खाते. आईचा गुडघा कसा आहे?

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ताऱ्यांची अंतरं मोजून काय मिळतं? बाबा, अंतर माहीत नसेल तर जवळचा बारका तारा आणि लांबचा प्रचंड तारा सारखेच दिसतात. म्हणून आम्ही तोच तारा सहा महिन्यांनी पुन्हा बघतो. तोवर पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेलेली असते आणि जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो; किती सरकला त्यावरून अंतर कळतं.

हे आधी तुम्हीच शिकवलंत. होडीत बसवून म्हणायचात, "एकेक डोळा मीट गं. धक्क्यावरचा खांब सरकतो, लांबचं देऊळ जागेवरच."

काल निमेशदादाने सांगितलं, तुमचा डावा डोळा गेलाय. धक्क्यावर उडी मारताना अंतर चुकलं आणि तुम्ही पाण्यात पडलात. वर मला कळू नये म्हणून त्याला शपथ घातलीत?

यापुढे दादा आधी उतरेल आणि तुम्हाला हात देईल. हात धरलात का, हे मी रोज विचारणार. खोटं बोललात तर परत येईन. खड्ड्यात गेली दुर्बीण.

तुमचीच,
कल्पिता