संक्रांतीचं ताट घेऊन

अप्पा,

आज संक्रांतीचं ताट शेजारीपाजारी फिरवून आलेल्या नातीला मी विचारलं, "कोण कोण भेटलं गं?" आणि विचारताच जीभ चावली. प्रश्न तुमचा होता. तिनं मजेत सगळं सांगितलं, कुणाकडे पाहुणे, कुणाकडे नवा सोफा, पण माझं लक्ष कुठं होतं! हा प्रश्न तर घरोघर विचारतात. मग तुम्ही विचारलात त्याचाच मला इतकी वर्षं त्रास का व्हावा, हे काही उमगत नाही.

साठच्या दशकातली, कानडी मुलखातली आपली पेठेतली गल्ली आठवते. दोन तालमींच्या टोळ्या बाजारातल्या हप्त्यावरून भिडायच्या, सोड्याच्या बाटल्या फुटू लागल्या की बायका दारं लावून घ्यायच्या. तुम्ही त्याच गल्लीत राहणारे पोलीस दफेदार. धोतरात असलात की लोक कट्ट्यावर बसवून कॉफी द्यायचे, खाकी चढवलीत की ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. भरबाजारात टांगेवाल्याला भोसकलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "गोत्तिल्ला." माहीत नाही. टांगेवाला वाचला, तर तोही म्हणाला, गोत्तिल्ला! मारणाऱ्याच्या हाताला घोडा चावला होता, एवढंच काय ते ठाण्याच्या कानावर आलं. "माझ्याजवळ बोलतील," जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "आपलीच माणसं आहेत." आईनं भातावर सारू वाढलं.

मग संक्रांत आली. मी दहाएक वर्षांची, नवा परकर, ताटात तीळ, गूळ, खोबरं, साखरेचे पोपट. समोरच्या अक्का, पापड लाटून पोट भरणाऱ्या, दरवर्षी उंबऱ्यावरच माझ्या हातून घेऊन "ओळ्ळे मातनाडु, गोड बोल" म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "ओळगे बा पुट्टी, आत ये पोरी." चूल ओलांडून थेट मागच्या खोलीत नेलं. तिथे त्यांचा भाचा पडलेला, हात कापडात गुंडाळलेला. "त्यालाही दे," अक्का म्हणाल्या, आणि मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "अप्पा घरीच आहेत ना आज?" मी घरी आले. तुम्ही कॉफी घेत होतात. "कोण कोण भेटलं?" मी सांगितलं, हातासकट. तुम्ही कॉफी संपवलीत, पेला खाली ठेवलात आणि सणाच्या दिवशी खाकी चढवलीत.

भाच्याला नेलं तेव्हा अक्का भर गल्लीत उभ्या राहून ओरडल्या, "पोरीच्या हातात ताट देऊन आमचं घर फोडलंत!" तुम्ही मान खाली घातलीत. आत आई म्हणाली, "आपल्या लेकराला तरी यातून लांब ठेवायचं होतं." "मी नुसतं विचारलं," तुम्ही म्हणालात. गल्लीनं आपल्याशी बोलणं टाकलं. आणि गंमत पाहा, काही महिन्यांनी त्याच गल्लीतल्या बायका मागच्या दारानं आईकडे येऊ लागल्या, कुणाच्या घरी साखळ्या-सुरे लपवलेत ते सांगायला. पुढच्या दारात ओळख द्यायच्या नाहीत. मग विश्वास मोडला होता की जुळला होता?

अक्कांची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली असणार. लपवलं तर पोलीस, सांगितलं तर टोळी. म्हणून त्यांनी मला आत नेलं असेल का? आणि मग गल्लीला ऐकू जावं म्हणून ओरडल्या? की खरंच पोरीला गोडधोड द्यावं एवढंच मनात होतं, आणि तो आक्रोश खरा होता? तुम्ही गेलात तेव्हा त्या आल्या, दिवसभर तुमच्या पायाशी बसल्या. तुमचं आणि त्यांचं आधी ठरलं होतं का अप्पा? पुढच्या संक्रांतीला तुम्ही मला ताट घेऊन जाऊ दिलं नाहीत, ते कशासाठी? कधी वाटतं, मोठ्या माणसांनी मिळून मला वापरलं, आणि फार राग येतो. कधी वाटतं, त्या गल्लीत तुम्हा दोघांना भरवशाचं असं एक मीच होते, आणि मग उगाच रडू येतं.

हे पत्र कुठे पाठवायचं? तुम्ही होतात तेव्हा समोर बसून विचारता आलं असतं. नाही विचारलं. "हो, माहीत होतं," म्हणाला असतात तर रागावले असते, चार दिवस अबोला धरला असता, पुन्हा कॉफी करून दिली असती. भीती दुसऱ्याच उत्तराची होती. तुम्ही म्हणाला असतात, "नाही गं पुट्टी, सहज विचारलं," आणि माझा विश्वास बसला नसता.