ह नंतरचा ज्ञ

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी दवाखान्यात ज्ञानाबाईंचं कार्ड मला सापडेना. बाई सिद्धगडाच्या पायथ्याहून पहिल्या एसटीने आलेल्या, आणि कार्डाशिवाय डॉक्टर रक्तदाबाच्या गोळ्या देईनात. माझी रीत नेहमीचीच. नावांचा खण मधोमध उघडायचा, अक्षर बघायचं, निम्मी कार्डं सोडायची, उरलेल्यांत पुन्हा मधोमध. म, मग व, मग ह. पुढे खण संपला. ज्ञ नाहीच.

"माजा कागद माज्याआधी वर गेला का रे भाऊ?" बाई हसल्या. त्यांची परतीची गाडी सुटली तरी मी शेवटीच चाचपडत होतो.

माझ्या हाताखाली नव्याने लागलेली सारिका म्हणाली, "काका, ज्ञ म्हणजे ज ला ञ. मी कॉम्प्युटरसारखं लावलंय, ज मध्ये बघा."

तिथेच होतं.

आम्ही पाटीवर ज्ञ शेवटी गिरवला. पांडुरंगा, आता तो मधेच? दिवसभर हेच डोक्यात. परत शेवटी नेऊ का? मग सारिका अडेल, आणि बाई पुन्हा बसून राहतील. थकलो. निघताना एका कोऱ्या कार्डावर "ज्ञ: ज मध्ये पाहा" असं लिहिलं आणि ते ह नंतर खोचून आलो.