टाचेखालची पाचर

प्रिय नकटे,

तीन पत्रांना उत्तर नाही, तरी हे चौथं. रागवायचं तर पूर्ण वाचून रागाव. अर्ध्यात सोडायचा मक्ता माझ्याकडे आहे.

कॉलेज सोडल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. सरांनी त्या म्हातारीचा गुडघा वर्गासमोर दारासारखा उघडमीट करून दाखवला, ती कळवळली, मी सरांचा हात धरला. माफी माग म्हणाले. नाही मागितली. तुला न विचारता निघून आलो, एवढंच चुकलं. आता पायाचे पट्टे आणि बुटातल्या गाद्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. उस्ताद दिवसातून दहादा माझी अक्कल काढतात, पण इथे पेशंटला कुणी नमुना म्हणत नाही.

दोन महिन्यांपूर्वी काकू आल्या. हो, तुझ्या आई. त्यांनीच मला तुमच्या जिन्यात ऐकवलं होतं ना, की शिक्षण टाकून पळणाऱ्याच्या हाती मुलगी देण्यापेक्षा घरी बसवीन! मला पाहून तशाच मागे वळल्या, आणि वळताना त्यांना टेबल धरावं लागलं. तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून डावा पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकलाय. मी बाकावर बसवलं, पायाशी बसून माप घेतलं. त्या छताकडे बघत होत्या.

आणि मी दिवटा! गुडघा आतून दुखतो म्हणून टाचेखाली आतल्याच बाजूला पाचर लावली. दुखतं तिथे टेकू! आठवड्यात काकू जास्त लंगडत आल्या. उस्तादांनी ती गादी माझ्या पाठीत घातली. गाढवा, म्हणाले, वाकड्या पायामुळे सगळा भार आधीच आत पडतोय, तिथली हाडांमधली कूर्चा घासून गेलीय, आणि तू अजून तिकडेच ढकल. बाहेरून पाचर लावल्यावर भार जरा सरकला, दुखणं जरा कमी झालं. पहिल्याच वर्षी तू हे मला समजावलं होतंस. मी तेव्हा तुझ्या वेणीकडे बघत होतो.

चूक माझी, हे मी काकूंना तोंडावर सांगितलं. चूक कबूल करता येते की तुला, म्हणाल्या. मग दर पंधरवड्याला यायला लागल्या. एकदा म्हणाल्या, तू अगदीच वाया गेलेला नाहीस. नकटे, त्या दिवशी मी घरापर्यंत शिट्टी वाजवत गेलो.

पण पाचर ती पाचरच. झिजलेली कूर्चा तिने भरून येत नाही. म्हणून मीच त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटोत आतून हाड हाडाला टेकायला आलंय, बाहेरची बाजू अजून धड आहे. डॉक्टर म्हणतात, नडगीचं हाड कापून पाय आत्ताच सरळ केला, तर स्वतःचा गुडघा टिकायची चांगली आशा आहे. उशीर केला तर हा मार्ग कदाचित उरणार नाही. काकूंचं एकच, पुढच्या वर्षी बघू. घरचं कुणी आणा, डॉक्टर म्हणाले. मी आहे ना, म्हटलं. तू कोण, त्यांनी विचारलं. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी चपलेकडे.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की यातलं अक्षर तुला कळता कामा नये. तिची शेवटची परीक्षा आहे, कळलं तर पुस्तकं टाकून धावत येईल, म्हणाल्या. आणि तू शब्द पाळलास, तर तुमच्या दोघांचं मी नव्याने बघीन, असंही म्हणाल्या. चार दिवस गप्प बसलो. हावरटासारखा गप्प बसलो.

आता तो शब्द मोडतोय, खुशाल मोडतोय. त्यांच्या पायाच्या बदल्यात मिळणार असशील, तर तू मला नकोस. दोन पेपरांमधल्या सुट्टीत ये, डॉक्टरांशी बोल, काकूंना ऑपरेशनला तयार कर आणि परत जाऊन पेपर दे. कॉलेज सोडलंस तर तंगडी मोडीन! ऑपरेशननंतरचे आठवडे त्यांना उठवणं-बसवणं मी बघतो. हाकललं तर दाराबाहेर बसून बघतो. आणि तुला कुणी सांगितलं असं त्यांनी विचारलं, तर बिनधास्त माझं नाव घे.

तुझाच, तू हो म्हण वा नाही,
भडक्या