अत्तराचा फाया आणि राहिलेला डोळा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घे. प्रत्यक्ष वाकायचं म्हटलं तर जमीन नेमकी किती खाली आहे याचा मला सध्या अंदाज येत नाही. का, ते पुढे सांगतो.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा गुडघा जिना चढू देतो का? इथे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

माझ्या चष्म्याच्या काचा म्हणजे बाटल्यांचे बुडखे, हे तुला ठाऊकच आहे. दुकानात अत्तर ओतायला वाकलो की चष्मा नाकावरून घसरायचा, आणि मध्यंतरी तो थेट गुलाबाच्या भांड्यात पडला. (गिऱ्हाइकासमोर. चिमट्याने काढला. त्या बाई 'बघते' म्हणून गेल्या, त्या गेल्याच.) तेव्हा तुझ्या भावजयीने निर्वाणीचं सांगितलं, लेसर करून घ्या नाहीतर दुकानाच्या दाराशी बसून नुसते 'या, या' म्हणा. झालं, गेलो डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथे एका यंत्राने माझ्या डोळ्यांचा नकाशा काढला, अगदी डोंगर लाल आणि दऱ्या निळ्या असा. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जी पारदर्शक काच असते तिचा उंचवटा जरा सपाट केला की चष्मा सुटला. एक लेसर त्या काचेचा पातळ पापुद्रा झाकणासारखा सोडवतो, दुसरा आतले थर केसाहून बारीक बारीक करून उडवतो, मग झाकण परत जागेवर. मी विचारलं, मधेच डोळा हलला तर? तर म्हणे यंत्र सतत डोळ्यावर लक्ष ठेवून असतं, डोळा सरकेल तिकडे किरण सरकतो, फारच वळवळ केली तर आपोआप थांबतो. (माझ्याकडे इतकं लक्ष आमच्या घरात आजवर कुणी दिलेलं नाही.) अट फक्त एकच. त्या दिवशी अंगाला कसलाही सुवास नको. अत्तराची वाफ खोलीतल्या हवेत मिसळली तर किरणाचा जोर कमीजास्त होतो. आता ही अट कुणाला घालावी? मला!

तरीही ताई, मी काही कमी केलं नाही गं. दुकानाकडे फिरकलो नाही, बिनवासाचा साबण शोधून आणला, कोरे कपडे घातले. उजवा डोळा झालासुद्धा. एका हिरव्या ठिपक्याकडे बघत पडून राहायचं, बस्स. फक्त मधेच जळक्या केसांसारखा वास आला, आणि माझं नाक गप्प बसेना. पडल्या पडल्या म्हटलं, डॉक्टर, हा किरण जाळत नाही म्हणाला होतात ना? ते म्हणाले, हा थर उडाल्याचा वास आहे, बोलू नका. म्हणजे यंत्राने वास सोडला तर चालतो, आम्ही सोडला की गुन्हा! मग डाव्या डोळ्याची पाळी. यंत्रावर बसणाऱ्या बाईंनी (मनातल्या मनात मी त्यांना जेलरबाई म्हणतो) माझं डोकं वळवताना डोक्यावरची टोपी जरा सरकवली, आणि त्या खोलीत केवडा दरवळला. कानात फाया! ताई, शपथेवर सांगतो, मी ठेवला हे मलाच माहीत नाही. इतर लोक घरातून निघताना किल्ल्या चाचपतात, माझा हात कानाकडे जातो, त्याला मी काय करू? जेलरबाईंनी यंत्राचा जोर पुन्हा तपासला, म्हणाल्या, आज पुढे नको. आणि मला एका डोळ्याने सर्वज्ञ, दुसऱ्याने ठार आंधळा करून घरी पाठवलं.

तेव्हापासून जे हाल चालू आहेत ते वैऱ्याचेही होऊ नयेत. चष्मा घालावा तर उजव्या डोळ्याला गरगरतं. त्याची उजवी काच काढून टाकली, तर एकच माणूस एका डोळ्याला मोठा आणि दुसऱ्याला लहान दिसतो. काल बँकेत एका खांबाला 'जरा सरकता का' म्हणालो. चहा कपाशेजारी ओततो. बरं, डाव्या डोळ्यात लेन्स घालू का विचारलं, तर नाही, लेन्सने डोळ्याचा आकार बदलतो आणि नकाशा चुकतो. आता पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. जेलरबाईंनी बजावलंय की दारातच हुंगून बघेन, वास आला तर नाव यादीच्या शेवटी. त्या यादीत किती लोक आहेत ते मी एका डोळ्याने पाहिलंय.

आणि खरी गोम अशी की मला वास येतो की नाही, हे मला कळतच नाही! जन्म त्या दुकानात गेला, नाकाला आता काही जाणवत नाही. बायकोला विचारावं तर ती गल्ल्यावर बसून तिन्हीसांजेला दरवळत घरी येते आणि म्हणते, छे हो, कुठे काय. शेजाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, आम्हाला सवय झाली. अरे, सवय झाली म्हणजे येतो की नाही येतो? कुणी सरळ सांगेल तर शपथ! चिडचिड करून जीव नकोसा झालाय.

असो. भाऊजींना नमस्कार, मुलांना सांग, लांबून टीव्ही बघा.

तुझा,
एका काचेचा भाऊ

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. ताई, माझ्या ओळखीत भरवशाचं एकच नाक उरलंय, तुझं. आमच्या दारात पाऊल टाकलंस की तुला शिंकांवर शिंका येतात, म्हणून तू वर्षानुवर्षं फाटकातूनच परत जातेस. मला त्याचा फार राग यायचा, आता त्याचाच आधार आहे. बुधवारी ये आणि तासभर माझ्याशेजारी बस. शिंकली नाहीस तर गुरुवारी छाती काढून जातो.

आणखी एक. हे पत्र मी मागच्या अंगणात बसून, कोऱ्या कागदावर, हात तीनदा धुऊन लिहिलंय. इथवर वाचताना किती शिंका आल्या ते खरं खरं कळव. आणि आल्या असल्या तरी ये गं. फाटकाबाहेर तुला खुर्ची टाकतो, मी दारात बसतो. फार दिवस झाले तुला नीट बघून. उजव्या डोळ्याला लांबचं आता अगदी स्वच्छ दिसतं.