बाहेरगावचा जमाव

खडकवाडी, रहिमतपूरजवळ
ता. १८ एप्रिल १९४८

प्रिय गंगाधर,

रामराम. इकडे सगळे हातीपायी धड आहोत. वाईच्या हवेत काकूंचा दमा कसा आहे? उमावहिनींना नमस्कार सांग. तुझे पत्र येऊन महिना होऊन गेला. गुऱ्हाळ चालू होते म्हणून उत्तराला उशीर झाला, असे लिहिणार होतो. गुऱ्हाळ खरेच चालू होते, पण उशिराचे कारण ते नव्हे.

तुझ्या रानातला गहू मळून आमच्या कणगीत ठेवला आहे. तू गेल्यापासून शाळा बंदच आहे. नवा मास्तर येणार म्हणतात. पोरे दिवसभर ओढ्यात डुंबतात, त्यांना कोणी हाक मारीत नाही. तुझ्या घराच्या जागेवर मी एकदाच जाऊन आलो. भिंती उभ्या आहेत.

गाव तुला परत बोलावते आहे. बाळासो पाटील स्वतः माझ्याकडे आले होते. म्हणाले, "मास्तरास्नी लिव्हा, समदं गाव मिळून घर बांधून देतंय. वासं, तुळया तयार हाईत. निसतं पोलिसांनी इचारलं तर काय सांगायचं ते ध्यानात ठिवा म्हणावं. जमाव बाहेरगावचा हुता."

हे वाक्य आता गावात सगळ्यांना पाठ आहे. चावडीत तेच, पाणवठ्यावर तेच. परवा माझ्या बायकोने, शालूने, भाकरी थापता थापता तेच म्हटले, आणि मग माझ्याकडे न बघता तवा उतरवला.

महात्माजींच्या खुनाची बातमी आली त्यानंतरच्या रविवारी मी म्हसवडला बैल बघायला गेलो होतो, हे तुला माहीत आहे. तू वहिनींना आणायला वाईला. घरात काकू एकट्या. मी परत आलो तेव्हा तुझ्या आढ्याचा कोळसा झाला होता आणि काकू आमच्या सोप्यात बसून माझ्या आईच्या हातून पाणी पीत होत्या. अर्जुनाने त्यांना पाठीवर घेऊन बाहेर आणले, एवढे त्यांनी तुला सांगितले, आणि मलाही तेव्हा तेवढेच ठाऊक होते. तू पत्रात लिहिलेस, "तुझ्या धाकट्या भावाला माझे आशीर्वाद कळव, त्याने माझी आई वाचवली."

गंगाधर, ते आशीर्वाद मी त्याला कळवले नाहीत.

बिराप्पा धनगर आठवतो ना? बेचाळीसनंतर सरकारची चावडी मोडून आपण आपले न्यायमंडळ चालवले. आमराईत तू आणि मी पंच म्हणून बसायचो आणि हातात काठी घेऊन पहाऱ्याला अर्जुना उभा असायचा. शेरडे चोरल्याच्या आरोपावरून बिराप्पाला आणले, तेव्हा सगळे ओरडत होते की ही जमातच चोर, आधी तळपायांवर काठ्या घाला. तू उठलास आणि म्हणालास, "गुन्हा माणसाचा असतो, जमातीचा नसतो. याने चोरी केली हे कोणी पाहिले ते पुढे या." कोणीच आले नाही. बिराप्पा सुटला. त्या दिवसापासून गाव आपल्या मंडळाला न्याय म्हणू लागले.

तर तो बिराप्पा होळीच्या आधी माझ्याकडे आला. बांधावर बसला आणि म्हणाला, "पाटलाच्या माणसांनी मला गप ऱ्हा म्हणून सांगितलंय. पर तुमास्नी सांगितल्याबिगर जेवान जाईना. म्हातारीला भाईर काढून वडाखाली बसवलं आणि तुमचाच अर्जुना माघारी गेला. काडी त्यानंच वडली, म्या डोळ्यांनी बघितलं."

मी त्याच्यावर हात उगारला. मारला नाही, पण उगारला.

तोवर अर्जुना माधवनगरला गिरणीत कामाला गेला होता. मजुरी बरी मिळते म्हणून गेला, असे आम्ही समजत होतो. मी तिकडे गेलो. चाळीच्या मागे, नळाच्या कट्ट्यावर बसून बोललो.

"काकूला तू काढलंस?"

"व्हय. जाळायच्या घरात म्हातारी कशी सोडू दादा?"

"आग कुणी लावली?"

"समद्यांनी."

"काडी कुणाच्या हातात हुती?"

त्याने ठिबकता नळ आवळला. मग म्हणाला, "माज्या. दादा, डोस्कंच फिरलं हुतं. बामणांतल्याच एकानं मारलं न्हवं गांधीबाबाला?"

"गंगाधरनं मारलं?"

"न्हाई."

"काकूनं?"

त्यावर तो रडू लागला. काकूंनी लहानपणी त्याला शेवयांची खीर घातली होती, तिचेच काहीतरी बोलत राहिला. मी म्हटले, चल, माझ्याबरोबर कोरेगावला चल, फौजदारापुढे जे झाले ते आपल्या तोंडाने सांग. तेव्हा त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "त्रेचाळीसला तू किती जणांना माळ्यावर लपवलंस. सख्ख्या भावाला लपवाय हुत न्हाई तुला?"

"ते कशापायी लपत हुते आणि तू कशापायी लपतुयास?"

"मला एवढं कळत न्हाई. तू थोरला हाईस, तू सांभाळ."

तो आला नाही. मी एकटाच परतलो, आणि घरी न जाता तसाच कोरेगावला उतरलो. बिराप्पाला आधीच विचारले होते; तो म्हणाला, तुमी सांगाल तर मीबी सांगतो. मी जबानी दिली, दुसऱ्या दिवशी येऊन त्यानेही दिली. अर्जुना कुठे राहतो तेही मीच सांगितले. गुढीपाडव्याच्या आधी त्याला गिरणीच्या फाटकावर धरला. आता साताऱ्याच्या तुरुंगात आहे.

वाटते तितके धीराने मी हे केले नाही. फौजदार लिहून घेत होता तेव्हा मी दोनदा उठून बाहेर गेलो. आपण आमराईत बसून दुसऱ्यांच्या मुलांचा न्याय किती सहज करत होतो, असे मनात येत होते. सगळे गाव एका खोट्यामागे उभे राहिले तर उद्या कोणाचे घर जाळायचे हे ठरवायला फक्त बातमी यायचा अवकाश, हेही दिसत होते. दोन्ही खरे होते. मी परत आत गेलो.

गाव माझ्याशी बोलत नाही. पाळीचे पाणी बाळासोंनी माझ्या उसाच्या आधीच वळवले. ते सोसता येते. आई मात्र शालूच्या हातचे खाते, माझ्यासमोर बसत नाही. एकदाच बोलली. "मास्तराचं घर बांधून हुईल रं. माजं कसं बांधायचं?" 

हे सारे लिहायचे टाळत होतो. आईने मात्र शालूकरवी मला हे पत्र लिहायला बसवले आहे. तिचे म्हणणे, अर्जुनाने काकूंना बाहेर काढले असे तू कोर्टात लिहून दिलेस तर शिक्षा कमी होईल. तिचा निरोप पोचवतो. मी स्वतः तुझ्याकडे काही मागत नाही. मागण्याच्या जागेवर मी नाही. पण ते खोटे नाही, गंगाधर. काकूंना बाहेर काढणाराही तोच हात होता. काकूंना विचार, आणि त्या जे म्हणतील ते कर. लिहून दिले नाहीस तरी माझ्या मनात काही येणार नाही. आईच्या मनात येईल.

तू परत ये असे मी आज लिहीत नाही. वासे तयार आहेत, पण त्या घरात तुला रोज त्या एका वाक्याबरोबर राहावे लागेल. परवा मात्र एक झाले. चावडीवरून जात होतो, तर आपल्याबरोबर पंच म्हणून बसणारा लालासाहेब पायरीवर होता. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मानसिंगा, घासलेटचा डबा माज्या दुकानातला हुता." एवढेच बोलला आणि आत गेला. कोरेगावला येशील का असे मी त्याला अजून विचारलेले नाही. उद्या विचारणार आहे.

काकूंच्या पायांवर माझे डोके ठेव. त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचे ते तू ठरव. मला ते शब्द सापडले नाहीत.

तुझा मित्र म्हणून सही करायची की नाही, हे आता तुझ्या हातात आहे. म्हणून आज फक्त,

अर्जुनाचा थोरला भाऊ,
मानसिंग