कोऱ्या पाकिटातली तबकडी

शब्दाच्याही आधी जो नाद होता, त्याच्या कृपेचे स्मरण करून लिहितो.

चिरंजीव सोनू यास अनेक आशीर्वाद.

तू जाऊन वर्ष झाले. ‘चिरंजीव’ लिहिण्याचा अधिकार उरला नाही, पण हात ऐकत नाही.

तुझ्या फ्री जॅझच्या, त्या सूर-तालाचे बंधन न मानणाऱ्या पाश्चात्त्य वादनाच्या, तबकड्या न्यायला काल तुझा मित्र आला. वादकाचे नाव लपवून तबकडी लावायची आणि मगच मत विचारायचे, हा तुम्हा संग्राहकांचा रिवाज त्यानेच सांगितला. मग एक कोरे पाकीट पुढे ठेवले. “काका, हे त्याचं स्वतःचं वादन. एकच प्रत करून घेतली होती. तुम्हाला ऐकवली होती ना?”

ऐकवली होतीस. “बाबा, कसा वाटतो हा सॅक्सोफोन?” मी पोथीवरून मान वर न करता म्हणालो, “कुणीतरी जनावराचा गळा आवळतोय. बंद कर ते.” तू हसलास. “बरं, वादकाला कळवतो.”

त्यानंतर तू वाद्याला हात लावला नाहीस, हेही मित्राकडूनच कळले.

आज पाठ आटोपून ती तबकडी लावली. अजूनही त्यातले काही उमगत नाही. मात्र दोन आक्रोशांच्या मध्ये तू श्वास घेतोस, तो स्पष्ट ऐकू येतो. तेवढ्यासाठी सुई पुन्हा पुन्हा मागे नेतो.

तुझा अपराधी,
बाबा

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आपल्या माणसाचा आवाज वेळेत ओळखण्याची बुद्धी प्रभू देवो.