आजपासून मका बंद

३ सप्टेंबर, सकाळी ९
निर्णय झाला. आजपासून मका बंद, मेयोनेज बंद. अकरा वर्षं ताकामात्सुच्या लोकांना पिझ्झ्यावर मक्याचे दाणे आणि वर ते पांढरं, चिकट मेयोनेज घालून वाढलं. माझीच मला शिसारी येते. नेपल्सला शिकलेला माणूस मी. (नऊ दिवस. त्यातले चार पोट बिघडून खोलीवर, पण खिडकीतून भट्टीचा वास येत होता.)

बायकोला, सादाएला सांगितलं. फडकं पिळत म्हणाली, महिनाअखेरपर्यंत बघू. गिऱ्हाईक तुटलं तर दुकान बंद, आणि मी तिच्या भावाच्या ऊदोनच्या दुकानात भांडी घासायची. कबूल केलं. माझी भट्टी सोडून दुसऱ्याच्या शेवयांची भांडी! पण ती वेळ येणारच नाही.

६ सप्टेंबर
दिवसभरात चौघी. कुवाबारा आजी आणि त्यांच्या गायन मंडळातल्या तिघी. नवा मेनू बराच वेळ वाचला, 'चव नाजूक असेल हं' म्हणाल्या आणि कॉफी पिऊन गेल्या. नाजूक! आम्हा जपान्यांत याहून मोठी वाहवा कुणी तोंडावर करत नाही.

१० सप्टेंबर
घाणेरडा प्रकार. एका ऑफिसवाल्याने स्वतःच्या बॅगेतून मेयोनेजची ट्यूब काढली. माझ्या पिझ्झ्यावर पिळली. मी भट्टीकडे तोंड फिरवलं.

ठरवलं: भट्टी आणि टेबलं यांच्यामध्ये पडदा. खरा उस्ताद खाणाऱ्यांची तोंडं बघत नाही. सादाएने तासाभरात पडदा शिवून दिला. एवढ्या उत्साहाने तिने माझं एकही काम आजवर केलेलं नाही. हळूहळू पटतंय तिला.

१५ सप्टेंबर
अकरा पिझ्झे! ताटल्या चाटूनपुसून परत. पडद्यापलीकडून अधूनमधून फुस्स असा आवाज येतो. लोकांची पोटं. इतकी वर्षं मेयोनेज खाल्लं, आता भोगतायत. किळसवाणं, पण उपचार सुरू आहेत.

२१ सप्टेंबर
तेवीस. सादाए सांगते, शेफच्या हाताला काय चव आली म्हणून सगळे विचारतात. चव होतीच, जिभा सुधारल्या. मेव्हण्याला फोन करून सांगितलं, भांडी घासायला दुसरा माणूस बघ. तो बराच वेळ हसला. जळतो.

पुढच्या महिन्यापासून चीजही काढावं म्हणतो. लोक तयार आहेत.

२९ सप्टेंबर, दुपारी २
सादाएला ताप, वर झोपलीय. दुकान बंद ठेवा, असं पाच वेळा म्हणाली. मी हसलो.

कुवाबारा आजींच्या मंडळाला स्वतः वाढलं. चौघी हात मांडीवर ठेवून ताटलीकडे बघत बसल्या. गार होईल, सुरू करा म्हटलं. कुणी हलेना.

शेवटी आजी अगदी हळू म्हणाल्या, "शेफ, घाई नाही हो. पण वरचं राहिलंय वाटतं."

कसलं वरचं? चौघींनी माना खाली घातल्या. त्यातल्या धाकटीने, गिऱ्हाइकांना हात पुसायला देतो त्या ओल्या टॉवेलांच्या कपाटाकडे बोट केलं. उघडलं. टॉवेलांमागे मक्याचे डबे. मेयोनेजच्या सहा मोठ्या ट्यूबा.

"सादाएबाईंवर रागावू नका," आजी म्हणाल्या. "भट्टी सुटली तर हा माणूस खचेल, असं म्हणाल्या त्या. म्हणून आम्ही सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं."

सगळ्यांनी. म्हणजे ऑफिसवाला, पोस्टमन, दंतवैद्यसुद्धा. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

३० सप्टेंबर
सादाएचा ताप उतरला नाही. पडदा काढला. तिला विचारायला वर गेलो, किती घालतेस? ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, जरा सढळ हाताने.

घातलं. वास नाकात बसलाय, दोनदा साबणाने हात धुतले. दुपारी आजी आल्या. दोन तुकडे खाल्ले, तोंड पुसलं, छान झालंय म्हणाल्या.

मग विचारलं, "सादाएबाई उद्या उठतील ना?"